टेबल क्रमांक तीनचं शून्य

सोमवार, ३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळे ठीक आहेत. थंडी सरली तशी आईच्या गुडघ्याची कुरकुरही सरली. बाबा रोज नऊच्या ठोक्याला दुकान उघडतात, आणि वजनकाटा दुरुस्तीला आणणाऱ्या गिऱ्हाइकाशी आधी दहा मिनिटं गप्पा मारून मग काट्याकडे बघतात. तू आणि तुझं काम, दोन्ही बरं चाललं असेल असं धरून पुढे लिहिते.

फोन केला असता. पण फोनवर तू "कामात आहे" म्हणतेस, आणि पंचाईत अशी की तू खरंच कामात असतेस. शिवाय लिहिताना मला शब्द मोजता येतात. म्हणून हे पत्र तुझ्या साइट ऑफिसच्या पत्त्यावर.

आपण दोघी जिथे एका वर्गात शिकलो, त्याच तंत्रनिकेतनात मी दोन वर्षांपासून ऑप्टिकल फायबरची प्रयोगशाळा बघते, हे आईने सांगितलं असेलच. खोली तीच. पडदे नवे, टेबलं जुनी. तीन नंबरच्या टेबलाचा पाय अजून डगमगतो. त्याखाली आता कागदाच्या घडीऐवजी रबराचा तुकडा आहे, एवढी प्रगती. मुलं पहिल्या दिवशी फायबर बघून म्हणतात, "मॅडम, एवढंच? हा तर केस आहे." मी म्हणते, केसच आहे, पण काचेचा, आणि बोटात गेला तर निघत नाही. मग फायबरचे तुटलेले तुकडे डबीत कसे टाकायचे, टेबल चिकटपट्टीने कसं टिपायचं, तोंडाला हात का लावायचा नाही, आणि फायबरच्या टोकात डोळा घालून "लाइट येतोय का" असं का बघायचं नाही, हे सांगण्यात पहिला तास जातो. आत जो प्रकाश असतो तो दिसतच नाही, हे त्यांना पटायला दुसरा.

या वर्षीच्या वर्गात एक मुलगी आहे. तिने पहिल्याच दिवशी सगळ्या वर्गाची टेबलं टिपून काढली आणि पट्टीवरचे तुकडे मला आणून दाखवले, म्हणून पोरांनी तिचं नाव चिकटपट्टी पाडलं. प्रश्न विचारण्याच्या बाबतीतही ते तिला शोभतं. एकदा धरला की सोडत नाही.

मागच्या आठवड्यात फायबरमधली घट मोजण्याचा प्रयोग होता. तो मी कसा शिकवते ते वाचून तुला हसू येईल. मी म्हणते, समजा तुम्हाला डब्यातलं धान्य तोलायचंय. आधी रिकामा डबा काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणता की नाही? इथेही तसंच. आधी दिव्यापासून मीटरपर्यंत नुसती छोटी कॉर्ड, म्हणजे फायबरचाच हातभर तुकडा, लावा, जेवढा प्रकाश येईल त्याला शून्य म्हणा. मग कॉर्ड आणि मीटर यांच्या मध्ये मोठं फायबर घाला आणि किती कमी झाला ते वाचा. कमीच होणार. फायबर प्रकाश खातं, देत नाही.

सगळ्यांचं उत्तर शून्य पॉइंट तीनच्या आसपास आलं. चिकटपट्टीचं आलं उणे शून्य पॉइंट दोन. म्हणजे फायबर घातल्यावर प्रकाश वाढला! वर्ग खो खो हसला. एकाने विचारलं, "काय गं, घरून आणलास का लाइट?" ती काही हसली नाही. वही घेऊन माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "मॅडम, मी काय लिहू? जे दिसतंय ते, की जे यायला पाहिजे ते?"

मग तास संपला.

आता मुद्दा. पुढच्या सत्रापासून आम्ही फायबर जोडण्याचं काम शिकवणार आहोत. जोडयंत्र आलंय. मला ते चालवता येतं, पण माझे जोड पंख्याखाली, स्वच्छ टेबलावर, सावकाश मारलेले. खड्ड्यात बसून, वाऱ्यात, एका हाताने ताडपत्री धरून जोड मारायचा म्हणजे काय, ते मला सांगता येणार नाही. प्राचार्य म्हणाले, आठवड्यातून दोन दिवसांसाठी बाहेरचा जाणता माणूस बघा. मी तुझं नाव दिलंय. मानधन, वेळ, सगळं सोबतच्या कागदावर आहे.

तू कसं काम करतेस हे मला नुसतं ऐकून माहीत नाही, मी पाहिलंय. गेल्या वर्षी हमरस्त्याच्या कडेला तुझा तंबू होता. मी बसमध्ये होते आणि सिग्नल लाल होता. तू एक फायबर कापलंस, उजेडाकडे धरून बघितलंस, टाकून दिलंस आणि पुन्हा कापलंस. तुझ्या शेजारचा माणूस घड्याळ दाखवत होता आणि तू त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हतीस. मला हाक मारता आली असती. खिडकी उघडी होती.

उत्तराची वाट बघते.

तुझी धाकटी बहीण


रविवार, २३ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर मिळालं. मोजून पाच वाक्यं. ती मी इथे पुन्हा उतरवते, म्हणजे मला त्यांना बगल देता येणार नाही.

"मास्तरीणबाई, पत्र पोचलं. ज्या प्रॅक्टिकलला मी नापास, तेच शिकवायला मला बोलावतेस, म्हणजे एकतर तुला माणूस मिळत नाहीये नाहीतर झोप येत नाहीये. त्या पोरीने शेवटी काय लिहिलं ते तू सांगितलं नाहीस. ते सांग, मग नोकरीचं बघू. पुलाखालच्या चेंबरमध्ये अठ्ठेचाळीस जोड मारायचे आहेत, तेव्हा लांबड लावू नकोस."

माणूस मिळेल. झोपही येते. पण लांबड लागणार आहे, ती वाच.

"काय लिहू" असं तिने विचारल्यावर तास संपला, असं मी तुला कळवलं. तास संपायला तेव्हा वीस मिनिटं होती. त्या वीस मिनिटांतलं पहिलं वाक्य माझं होतं. मी म्हणाले, "असं होऊ शकत नाही."

हे मी तिला ज्या आवाजात म्हणाले, त्याच आवाजात मी पूर्वी एकदा म्हटलंय. तू तिथे होतीस.

चिकटपट्टी म्हणाली, "मॅडम, पण झालंय." मी तिच्याबरोबर टेबलाशी गेले. तिने काय काय केलं ते मला पहिल्यापासून करून दाखवायला सांगितलं. तिने कॉर्ड लावली, शून्य केलं, कॉर्डचं मीटरकडचं टोक सोडवलं, आणि त्याला मोठं फायबर लावण्याआधी ते पुन्हा एकदा नीट पुसलं. का? तर तिला वाटलं, एवढी काळजी घेतलेली बरी. टोकावर आधी बारीकसा मळ होता. शून्य लावलं ते मळासकट. मग मळ पुसला. जेवढा प्रकाश मळाने अडवला होता तेवढा वर आला, आणि मीटरला वाटलं फायबरने दिला. मी ते तिला सांगितलं. तिने वहीत उणे शून्य पॉइंट दोन तसंच ठेवलं आणि खाली लिहिलं, "शून्य लावल्यानंतर टोक साफ केल्यामुळे." मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले. वर्गातल्या आणखी तिघांनी उत्तर उणे आल्यावर शेजारच्या वहीतलं उतरवलं होतं. ते त्या दिवशी त्यांनी स्वतःहून कबूल केलं.

हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आता तू न विचारलेल्या प्रश्नाचं.

सात वर्षांपूर्वी, शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा. टेबल क्रमांक तीन. बाबांच्या आजारपणात तू दुकान सांभाळलंस, तुझी दोन वर्षं गेली, म्हणून आपण एका वर्गात. नावाच्या पहिल्या अक्षरामुळे माझा क्रमांक आधी, तुझा नंतर. मंडळाचा नियम असा की एका टेबलावर शून्य एकदाच लावायचं, पहिल्या परीक्षार्थीने, आणि दुसऱ्याने त्याला हात लावायचा नाही, म्हणजे वेळ वाचतो. शून्य मी लावलं. माझं उत्तर आलं शून्य पॉइंट तीन. तुझं आलं उणे शून्य पॉइंट तीन.

परीक्षक, तो सोनेरी चष्मेवाला, तुझा कागद हातात धरून हसत हसत सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाला, "वा! या बाईंच्या फायबरमध्ये प्रकाश पिकतो." मग आवाज उतरवून, "खोडा ते. शहाण्यासारखं काहीतरी लिहा आणि मोकळ्या व्हा." तू म्हणालीस, "सर, जे दिसलं ते लिहिलंय. मला शून्य परत लावून बघू द्या." तो म्हणाला, नियमात नाही. तू म्हणालीस, मग खोडणंही नियमात नाही. मनाने आकडे लिहिले असा शेरा मारून त्याने तुला नापास केलं. पुन्हा बसायची मुभा होती; तू बसली नाहीस. "जे खोटं लिहिलंच नाही त्याची परत परीक्षा कशाला?" एवढं म्हणालीस आणि महिन्याभरात केबलच्या कंत्राटदाराकडे कामाला गेलीस.

हे सगळं तुला माहीत आहे. तुला जे माहीत नाही ते असं.

माझं मोजून झाल्यावर मी कॉर्डचं टोक पुसलं. तुझ्यासाठी साफ करून ठेवलं.

हे वाक्य मी सात वर्षं स्वतःला सांगत आले. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. टेबलावरच्या नोंदवहीत एक रकाना असतो, "टोक साफ केले". त्यात बरोबरची खूण करून मगच शून्य लावायचं. मी घाईत खूण आधी केली आणि पुसायचं विसरले. मोजून झाल्यावर रकाना दिसला तेव्हा आठवलं. मी पुसलं ते ती खूण खरी व्हावी म्हणून. तुझी आठवण त्यानंतर झाली.

आणि शून्य पुन्हा लावलं नाही. कारण पुन्हा लावायचं तर परीक्षकाला का ते सांगावं लागलं असतं.

चष्मेवाला हसला तेव्हा मी दोन पावलांवर उत्तरपत्रिकेवर नाव लिहीत होते. मान वर केली नाही, कारण मला त्याच क्षणी कळलं होतं. नंतर नाही, विचार करून नाही. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत. एवढं सोपं होतं ते. "सर, टोक मी मधे पुसलं." पाच शब्द. मी ते म्हटले असते तर माझं शून्य रद्द झालं असतं, आणि त्याबरोबर पहिला नंबर. मी नाव लिहून पुरं केलं. अक्षर चांगलं आलं होतं.

माझं उत्तर बरोबर आलं ते तरी कशामुळे? शून्य लावताना आणि मोजताना, दोन्ही वेळा मळ तेवढाच होता, म्हणून. मी हुशार होते असं त्यात काही नाही.

आता राहिलं ते. हे मला परीक्षेपेक्षा जड जातंय, म्हणून सरळ लिहिते.

त्या दिवशी घरी आल्यावर तू बाबांना सगळं सांगितलंस. बाबा काटे दुरुस्त करणारे. त्यांनी पहिला प्रश्न योग्य तोच विचारला, "यंत्रात खोट असेल का गं?" तुला नाही विचारलं, मला विचारलं, कारण माझा पहिला नंबर येणार हे त्यांना माहीत होतं. तू दाराला टेकून उभी होतीस, पायांत अजून चपला. तू माझ्याकडे बघत होतीस, रागाने नाही. मी सोडवीन अशा खात्रीने.

मी म्हणाले, "नाही बाबा. असं होऊ शकत नाही. प्रकाशाचं काट्यासारखं नसतं."

काट्यासारखंच असतं. आज मी वर्गात धान्याचा डबा सांगते, तो त्यांच्याच दुकानातला आहे. त्यांना ते दोन वाक्यांत समजलं असतं, म्हणून तर मी ते त्यांच्या हाताबाहेर नेऊन ठेवलं.

चपला काढल्या आणि आत गेलीस. तेव्हापासून तू घरी येतेस तेव्हा सगळ्यांशी बोलतेस आणि माझ्याशी "पाणी तापलंय का" एवढंच. तुला खरं काय ते माहीत नव्हतं, पण मी तुझी बाजू घेतली नाही हे माहीत होतं, आणि तेवढं पुरेसं होतं. बाबा तुला त्या आठवड्यात काय काय बोलले ते मी दाराआडून ऐकलं. "चूक झाली तर झाली म्हणावं, हट्ट कसला करतेस" हे मी शब्दन् शब्द ऐकलं.

मी परवा जुनी कपाटं उघडली. त्या परीक्षेची नोंदवही आहे. सकाळी प्रयोगशाळेच्या माणसाने तोच दिवा आणि तीच कॉर्ड तपासून लिहिलंय: मीटरवर प्रकाश उणे बारा. तासाभराने माझं शून्य: उणे बारा पॉइंट सहा. शून्य पॉइंट सहा प्रकाश एका तासात कुठे गेला, ते कुणी विचारलं नाही. माझं उत्तर अधिक तीन दशांश, तुझं उणे तीन दशांश. फरक तोच, सहा दशांश. सगळं कागदावर होतं, शेजारशेजारच्या ओळींत, माझ्या खुणेसकट.

उद्या सकाळी मी या नोंदवहीच्या प्रतीसह परीक्षा मंडळाला लेखी अर्ज देते आहे. त्यात मी केलेलं मी केलं असं लिहिलंय, आणि तुझ्या नापासाचा शेरा काढून टाकावा अशी मागणी आहे. उद्या संध्याकाळी दुकानात जाऊन बाबांना सांगते. पण आधी तुला. क्रम चुकू नये असं वाटलं.

मी माफी मागत नाहीये. ती मागितली की काहीतरी द्यायचं ओझं तुझ्यावर येतं, आणि या प्रकरणात तुझ्याकडून घेण्यासारखं माझं काही राहिलेलं नाही. नोकरीचा कागद बाजूला ठेव. तो मी आधी पाठवला; हे सगळं त्याआधी सांगायला हवं होतं. त्या पत्रात मी चुकीच्या टोकाने सुरुवात केली.

तुझ्या आकड्याबद्दल मला कधीही शंका नव्हती.

तुझी बहीण


शनिवार, २२ मार्च

ताई,

मंडळाचा फेरपरीक्षेचा फॉर्म तुला नुसताच पाठवला होता, सोबत एकही ओळ न लिहिता. दोनदा लिहून फाडली. दोन्ही वेळा ती माझ्याबद्दल झाली होती.

आता घडलं ते क्रमाने कळवते.

मंडळाकडचा अर्ज प्राचार्यांच्या सहीने जातो; त्यांनी माझा अर्ज दोनदा वाचला. म्हणाले, "मॅडम, सात वर्षांपूर्वीचा मळ आता कुठून आणणार?"

"मळ गेला, सर. खूण आहे."

"तुमची कायम होण्याची फाइल वर गेलीये. हा कागद मधे घुसला तर ती खाली येईल, कळतंय ना?"

मी म्हटलं, कळतंय. ते थोडा वेळ पेनाचं टोपण उघडत-लावत बसले. मग म्हणाले, "स्वतःविरुद्ध तक्रार करणारा कर्मचारी कोणत्या रकान्यात टाकायचा, तेच मला कळत नाही," आणि सही केली.

मंडळाने तीन आठवड्यांत उत्तर दिलं, हे त्यांच्या मानाने वेगाने. टेबल क्रमांक तीनचं शून्य अमान्य. त्यावर मोजलेली दोन्ही उत्तरं अमान्य. तुझ्या नावासमोरचा शेरा खोडलाय; तिथे आता "नापास" नाही, "उपकरणाच्या शून्यातील दोषामुळे रद्द" असं आहे. त्या पानाची शिक्क्याची प्रत सोबत आहे. ती तुझी. परीक्षेला बस वा बसू नकोस, ती तुझ्याजवळ राहील.

आणि दोन्ही उत्तरं अमान्य म्हणजे माझंही. माझं प्रात्यक्षिक रद्द, पहिला नंबर रद्द. पदविका फेरपरीक्षेपर्यंत स्थगित, पुढची पदवी त्या पदविकेवर उभी, आणि नोकरी त्या पदवीवर. फाइल खाली आली. शिकवणं तेवढं चालू आहे, कारण दुसरं कुणी नाही. मी चिडलेली नाही. हिशेब बरोबर आहे. मीच मांडून दिला होता.

वर्गाला मी स्वतः सांगितलं, नाहीतर कॅन्टीनने सांगितलं असतं. कॅन्टीनच्या आवृत्तीत मी लेसर चोरला असता. मग चिकटपट्टीने हात वर केला. मला वाटलं, आता काय विचारते. म्हणाली, "मॅडम, तुम्हाला माझ्या नोट्स पाहिजेत का?" वर्ग हसला, मीही हसले. नोट्स घेतल्या. चांगल्या आहेत. एका ठिकाणी चूक आहे, ती माझीच शिकवलेली.

बाबांचं सांगायचं राहिलं. ते काटा उघडून बसले होते. मी स्टुलावर बसून सगळं सांगितलं, पाच मिनिटं लागली. त्यांनी पेचकस खाली ठेवला.

"म्हणजे शून्य हललं होतं."

"हो."

"आणि मी विचारलं होतं तुला. खोट असेल का म्हणून."

"हो. मी नाही म्हणाले."

"अगं, तीस वर्षं मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतोय, आधी रिकामा काटा बघा. आणि माझ्या घरात..." मग हळू म्हणाले, "तुझ्यावर नाही राग. मी तिला विचारलंच नाही. दुसऱ्याला विचारलं."

माझ्यावर राग होता. चार दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. पाचव्या दिवशी त्यांनी तुझा पत्ता मागितला. फोन नंबर आहे की, मी म्हटलं. तर म्हणाले, "फोनवर मला बोलता यायचं नाही." नंतर त्यांनी काय केलं ते मी विचारलं नाही. तेवढं तुमच्या दोघांत.

काल तुझा फॉर्म परत आला. सही केलेला, तारीख घातलेला. पत्र नाही, चिठ्ठी नाही. मी पाकीट उलटं करून झटकून बघितलं, हे कबूल करते. मग फॉर्मच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं:

"माझा नंबर आधी."

फेरपरीक्षेचे क्रमांक अर्ज दाखल होण्याच्या क्रमाने पडतात. आज सकाळी दहाला खिडकी उघडली तेव्हा मी दोन्ही अर्ज घेऊन उभी होते. तुझा आधी आत सरकवला, शिक्का पडेपर्यंत थांबले, मग माझा. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "दोन्ही एकदम द्या ना." मी म्हटलं, नाही, एकेक. त्यांनी मला जरा निरखून बघितलं.

तुझा क्रमांक एक, माझा दोन. आपण दोघीच आहोत, म्हणून टेबल एकच. १२ एप्रिल, सकाळी साडेदहा. परीक्षक बाहेरचे आहेत, मी त्यांना ओळखत नाही, आणि त्या दिवशी प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडे नसेल. शून्य एकदाच लावायचा नियम बदलावा म्हणून मी मंडळाला लिहिलंय. पण ते या परीक्षेच्या आत होणार नाही.

म्हणजे टोक तू साफ करशील, न करशील. शून्य तू लावशील. मी त्याला हात लावणार नाही. तू उठलीस की मी बसेन, आणि मीटरवर जे दिसेल ते लिहीन. उणे आलं, तरी.

तुझ्यानंतर बसणारी,
परीक्षा क्रमांक दोन